गाडी भरण्याची विद्या

दसरा उलटतो, रब्बी ज्वारीची पेरणी कशीबशी आटोपते, आणि बालाघाटच्या डोंगरकुशीतील गावे हलू लागतात. मारुतीच्या देवळासमोरील मोकळ्या जागेत संध्याकाळी एक ट्रक येऊन उभा राहतो. बघता बघता त्याच्याभोवती कित्येक घरांचा संसार गोळा होतो. ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याच्या पेट्या, पातेली, घागरी, गोधड्यांची गाठोडी, कोपी उभारण्यासाठी लागणारे बांबू व ताडपत्र्या, दोन-चार शेळ्या, खुराड्यातील कोंबड्या! पहाटेपर्यंत हे सारे त्या एका वाहनात बसवावयाचे असते, आणि उरलेल्या जागेत माणसांनाही बसावयाचे असते.

घाई सर्वांनाच असते. परंतु एका माणसाला ती नसते. टोळीतील एखादा वृद्ध गाडीवान हातात बॅटरी घेऊन ट्रकभोवती सावकाश फेरी घालीत असतो. प्रत्येक दोर तो बोटाने छेडून पाहतो. ताठ दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा किंचित घुमतो. ढिला दोर नुसताच हलतो.

"आबा, चांगला आवळलाय दोर. आता निघू द्या की गाडी," एखादा तरुण अधीरपणे म्हणतो.

"आवळलाय खरा. पर पेटीच्या कोरंवर बसलाय. घाटापस्तोर कापला तर काय करशील, बाबा?"

एवढे बोलून आबा पेटीची कोर व दोर यांच्यामध्ये एक जुने पोते दुमडून घालतात, आणि दोर पुन्हा ओढावयास लावतात. तरुण मनातून चरफडतो, पण दोर ओढतो.

बीड जिल्ह्याला ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या भागांत जमीन बरीचशी मुरमाड आणि पाऊस बेभरवशाचा. इकडे ही स्थिती असता, १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला. पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत एकामागून एक कारखाने उभे राहिले. उसाला तोडणारे हात हवे होते, आणि बालाघाटातील हातांना काम हवे होते. तेव्हापासून दरवर्षी कार्तिकाच्या सुमारास ही माणसे घर सोडतात व चैत्राच्या सुमारास परततात. पतिपत्नी मिळून एक 'कोयता' मानला जातो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला 'उचल' म्हणतात. आणि उचल फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा व गाड्या भरावयाच्या, असा हा व्यवहार असतो. ऊस तोडणाऱ्यांच्या कष्टांविषयी पुष्कळ बोलले जाते. गाडी भरणाऱ्यांच्या कौशल्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

हे कौशल्य समजून घ्यावयाचे तर प्रथम बैलगाडीपासूनच आरंभ केला पाहिजे.

बैलगाडी ही दोन चाकांची असते. चाकांच्या आसावर तिचा सारा भार तोलला जातो, जणू तराजूची दांडीच. एका टोकाला बैलांच्या मानेवरील जू, दुसऱ्या टोकाला गाडीची मागील बाजू. ऊस मागे अधिक भरला, तर पुढील टोक वर उचलले जाते. जू मानेवरून उठते, गळ्याखालील पट्टे आवळले जाऊन बैलांचा श्वास कोंडतो, आणि प्रसंगी गाडी मागच्या मागे कलंडते. याला 'गाडी उलाळ झाली' असे म्हणतात. उलट, ऊस पुढे अधिक भरला, तर सारे ओझे मानेवर येते. मान सुजते, सोलते, आणि बैलाला 'खांदा' येतो. खांदा आलेला बैल जुवाखाली मान देत नाही. दिलीच तर वेदनेने देतो.

आता हे अंकांत मांडून पाहू. समजा, गाडीत दोन टन, म्हणजे २,००० किलो ऊस आहे. आसापासून जू ३ मीटर पुढे आहे. उसाच्या ढिगाचा गुरुत्वमध्य आसाच्या केवळ १० सेंटिमीटर पुढे ठेवला, तर जुवावर सुमारे ६७ किलो भार येईल. म्हणजे प्रत्येक बैलाच्या मानेवर तेहतीस-चौतीस किलो. तोच गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर पुढे सरकला, तर जुवावर २०० किलो भार पडेल. प्रत्येक मानेवर १०० किलो! जेमतेम वीतभर अंतराने भार तिप्पट होतो. गाडी भरणाऱ्याला हे गणित कागदावर येत नसेल. परंतु जू हाताने उचलून पाहिल्याबरोबर त्याला उत्तर कळते. एका हाताने जू किंचित जड लागले, तर तो पुढील मोळ्या मागे सरकावतो. अगदीच हलके लागले, तर मागच्या पुढे घेतो.

उसाची कांडी दोन्ही टोकांना सारखी नसते. बुडखा जाड व जड, शेंडा बारीक व हलका. सगळे बुडखे एकाच दिशेस आले, तर ढीग दिसावयास सरळ असूनही त्याचा भार एकीकडे झुकतो. म्हणून मोळ्यांची दिशा पाहून त्या रचाव्या लागतात. खालचा थर घट्ट व समतल हवा. खाली पोकळी राहिली, तर वाटेतील धक्क्यांनी ऊस बसत जातो, ढिगाची उंची कमी होते आणि वरून आवळलेला दोर आपोआप ढिला पडतो. दोर तुटल्याने जेवढ्या गाड्या सांडतात, त्याहून अधिक गाड्या दोर असा ढिला पडल्याने सांडत असाव्यात, असे या धंद्यातील कोणाही जाणत्या माणसाचे बोलणे ऐकले तर वाटते.

ढिगाची उंची ही दुसरी अडचण. सपाट रस्त्यावर ती फारशी जाणवत नाही. चढउतारावर मात्र तिचे रूप प्रकट होते. गुरुत्वमध्य आसापासून १ मीटर उंच असेल आणि रस्ता दहास एक या प्रमाणात चढत असेल, तर तो गुरुत्वमध्य जवळजवळ १० सेंटिमीटर मागे सरकल्यासारखा होतो. म्हणजे सपाटीवर ज्या गाडीचे जू बेताचे जड होते, ती गाडी चढावर उलाळ होण्याच्या बेतात येते. उतारावर याच्या नेमके उलट होते, आणि जुवावरील भार जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून चढ लागला की गाडीवान पुढे सरकून दांड्यांवर बसतो आणि उतार लागला की मागे जातो. वाटसरूला ती त्याची लहर वाटते. प्रत्यक्षात तो स्वतःच्या देहाचे वजन काट्यातील मापासारखे वापरीत असतो.

पूर्वी लाकडी चाकांच्या गाड्या होत्या. त्यांच्यावर फार ओझे घालता येत नसे, कारण लोखंडी धाव कच्च्या रस्त्यात रुतत असे. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि तेच बैल कितीतरी अधिक ओझे ओढू लागले. ही सुधारणा बैलांच्या सोयीची झाली की गैरसोयीची, हा प्रश्नच आहे. चाक सुलभतेने फिरू लागले हे खरे; परंतु जी बचत झाली ती बैलाच्या वाट्यास न जाता ओझ्याच्या वाट्यास गेली. सरकारने १९६५ साली ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांविषयी नियम केले. त्यांत ओझ्याला मर्यादा घातली आहे. लांब व तीव्र चढ असेल तर ती मर्यादा निम्मी केली आहे. जनावराला दिवसातून ९ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक जुंपू नये, असेही सांगितले आहे. नियम उत्तम आहेत. पण कारखान्याच्या वजनकाट्यावर टनावर पैसे मिळतात, आणि मुकादमाची उचल डोक्यावर असते, तेव्हा शेवटची मोळी गाडीवर टाकताना नियमाची आठवण कितीजणांना होत असेल?

२०२२ साली सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी या दुःखावर एक साधा उपाय काढला. बैलगाडीच्या पुढील भागाखाली, दोन्ही बैलांच्या मधोमध, त्यांनी एक तिसरे चाक बसविले. मानेवर येणारा भार ते चाक जमिनीवर घेते. त्याला त्यांनी 'सारथी' असे नाव दिले. यात नवे तत्त्व कोणतेही नाही. तराजूच्या दांडीला पुढे एक टेकू दिला, एवढेच. तथापि हजारो वर्षे बैलगाडी चालविणाऱ्या या देशात तो टेकू उसाच्या फडाशेजारी शिकणाऱ्या मुलांना सुचला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भार नीट रचला, तरी काम अर्धेच झाले. तो बांधावयाचा असतो.

मोट चालत होती त्या काळी नाडा घरोघरी असे. अंबाडीचे, सणाचे, घायपाताच्या वाखाचे दोर गावातच वळले जात. मराठवाड्यातील मातंग समाजाच्या कारागिरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. सुताला पीळ देऊन पेड करावयाचा, आणि पेडांना उलट दिशेने पीळ देऊन दोर करावयाचा. दोन पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत, म्हणून दोर टिकतो. वाखाचा दोर पाण्याने भिजला की फुगतो आणि आखडतो. वाळला की पुन्हा सैल होतो. म्हणून पहाटेच्या दवात ताठ असलेला दोर दुपारच्या उन्हात ढिला झालेला आढळतो. आता बाजारात नायलॉनचे दोर आले. ते कुजत नाहीत, बळकटही असतात. परंतु ताण पडला की ते लांबतात. मग दोर शाबूत, गाठ शाबूत, आणि ओझे मात्र हललेले, अशी स्थिती होते. कोणताही दोर निर्दोष नसतो. ज्याचा दोष ठाऊक आहे, तो दोर त्यातल्या त्यात बरा.

दोर आवळण्याच्या दोन युक्त्या विशेष प्रचारात आहेत. पहिली पिळाची. दोर ओझ्यावरून घेऊन दोन्हीकडे बांधावयाचा, मग त्याच्या दोन पदरांमध्ये दांडके घालून ते फिरवावयाचे. प्रत्येक फेऱ्याबरोबर पीळ चढतो, दोराची लांबी कमी होते आणि ताण वाढतो. मात्र ते दांडके शेवटी पक्के बांधून टाकावे लागते. सुटले तर ते गरकन फिरून जवळच्या माणसाचे तोंड फोडते. दुसरी युक्ती ट्रकवाल्यांची. दोराच्या मध्येच एक फास करून त्यातून मोकळे टोक खाली आकड्याभोवती घ्यावयाचे व पुन्हा वर ओढावयाचे. असे केल्याने दोरच कप्पीचे काम करतो. हिशेबाने ओढणाऱ्याच्या बळाच्या तिप्पट ताण पडावयास हवा; दोरावर दोर घासल्यामुळे प्रत्यक्षात तेवढा पडत नाही, तरी एकट्या माणसाच्या हाताला दोघांचे बळ येते.

ट्रकची व ट्रॉलीची गोष्ट याहून अवघड आहे. येथे मोळी डोक्यावर घेऊन, टेकविलेल्या अरुंद फळीवरून किंवा शिडीवरून वर चढावे लागते. पुरुषांप्रमाणे स्त्रियाही हे काम करतात. वाहन बहुधा रात्रीअपरात्री फडात येते, आणि ते भरल्याखेरीज झोपावयास मिळत नाही. फळीवर दव पडलेले असते, पायाखाली उसाचे पाचट असते. येथे तोल गेला तर तो ओझ्याचा नव्हे, माणसाचा जातो. या फळीवरून पडून हात, पाय, पाठ गमावलेली माणसे बालाघाटातील पुष्कळ गावांत आढळतील. त्यांच्या हंगामाचे गणित त्या एका पावलाशी संपलेले असते.

शिवाय येथे वेग हा नवा घटक येतो. बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते. तिला एकदम थांबविले तरी ओझे जागचे हलत नाही. ट्रॅक्टर किंवा ट्रक वेगाने जात असता चालकाने गतिरोध दाबला, तर वाहन थांबते. ओझे मात्र न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे पुढेच जाऊ पाहते. वळणावर तेच ओझे सरळ जाऊ पाहते. वेग दुप्पट झाला, तर वळणावरील हा बाहेरचा ओढा दुप्पट न होता चौपट होतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ओझ्यावर त्याच्या वजनाच्या एक-पंचमांश एवढा बाजूचा ओढा येतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाने गेल्यास तोच जवळजवळ निम्मा होतो. युरोप-अमेरिकेतील मालवाहतुकीचे नियम म्हणूनच असे धरून चालतात की, बांधलेल्या ओझ्याने पुढच्या दिशेस आपल्या वजनाच्या आठ-दशांश आणि दोन्ही बाजूंस निम्म्याइतका ओढा सोसला पाहिजे. एक टनाचे ओझे असेल, तर पुढे जाऊ न देण्यासाठी ८०० किलोचा जोर धरून ठेवण्याची सिद्धता हवी. एका कुजक्या नाड्याकडून ही अपेक्षा कशी करावी?

गावातून उसाची ट्रॉली जाऊ लागली, की मुलांची झुंड तिच्यामागे धावते. एखादे पोर लोंबकळून मागील कांडे ओढते, ते निसटून हातात येते, आणि सगळी मंडळी हसत पळून जातात. हा खेळ खेड्यातील प्रत्येकाने पाहिलेला असतो. परंतु एक कांडे निघाले, की त्याच्या जागी पोकळी होते; शेजारची कांडी तिच्यात घसरतात; त्यांच्यावरचा दोर तेवढ्याने सैल होतो. पाच-सहा गावांतील मुलांनी अशी पाच-सहा कांडी ओढली, म्हणजे वजनकाट्यापर्यंत त्या ट्रॉलीचे बंधन पहिल्यासारखे राहत नाही. याहून वाईट असे की, ट्रॅक्टरला बहुधा दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. पहिलीतून ऊस ओढणाऱ्या मुलाच्या पाठीमागून दुसरी येत असते, आणि आवाजामुळे चालकाला मुलाची किंकाळीही ऐकू जात नाही.

अलीकडे या रस्त्यांवर एक निराळेच ओझे दिसू लागले आहे. बीड शहराला रेल्वे २०२५ सालच्या सप्टेंबरात मिळाली. तोपर्यंत शहरात येणारी बहुतेक अवजड वस्तू रस्त्यानेच येई, आणि अजूनही बरीचशी तशीच येते. त्यांतच कधी ट्रेलरवर बसवलेली मोटारही असते. क्वचित बंद पडलेली, क्वचित दूरच्या शहरातून विकत आणलेली. सर्वांत त्रासाची ती ठेंगणी मोटार. सामान्य मोटारीचे पोट जमिनीपासून सतरा-अठरा सेंटिमीटर उंच असते. ठेंगण्या मोटारीचे दहा-बारा सेंटिमीटरच. ती दिसते ऐटबाज. पण ट्रेलरवर चढवू लागले की प्रथम तिचे नाक उताराच्या पायथ्याशी घासते, आणि ते वाचले तर माथ्यावर तिचे पोट टेकते.

याला उपाय फळीची लांबी वाढविण्याचा. ट्रेलरचा तळ ६० सेंटिमीटर उंच आहे आणि फळ्या २ मीटरच्या आहेत, तर चढण सुमारे साडेसतरा अंशांची होते. फळ्या ४ मीटरच्या घेतल्या, तर ती साडेआठ अंशांवर येते. ट्रॅक्टर किंवा ट्रक थोड्या उंचवट्यावर उभा केला, म्हणजे ट्रेलरची शेपटी आपोआप खाली झुकते व काम आणखी सुकर होते. बांधावरून गाडी खाली उतरविणाऱ्या शेतकऱ्याला ही युक्ती शिकवावी लागत नाही. मोटार यंत्राने ओढून वर घेताना तिच्या मागे व ताणलेल्या तारेच्या रेषेत कोणीही उभे राहावयाचे नसते. तार तुटली तर ती आसूडासारखी फिरते.

मोटार वर आली, की पुन्हा बैलगाडीचाच प्रश्न उभा राहतो: भार पुढे किती आणि मागे किती? ट्रेलर व मोटार मिळून १,८०० किलो असतील, तर त्याचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १८० किलोच्या आसपास भार पुढील हुकावर यावा असे मानतात. ट्रॅक्टरच्या हुकाला खांदा येत नाही, म्हणून येथे बैलगाडीपेक्षा अधिक भार चालतो. तो कमी पडला व शेपटी जड झाली, तर ट्रेलर रस्त्यावर डावी-उजवीकडे झुलू लागतो. हे झुलणे वेगाबरोबर वाढत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे चालकाच्या हातात काही राहत नाही. उलाळ झालेल्या गाडीचेच हे वेगवान रूप होय. इंजिन बहुधा मोटारीच्या पुढच्या भागात असते. म्हणून मोटारीचे तोंड पुढे ठेवून ती थोडी मागेपुढे सरकवून हा तोल साधतात.

मग बांधणी. नवखा माणूस दोर घेतो, तो मोटारीच्या अंगावरून किंवा खिडकीतून टाकतो आणि घट्ट आवळतो. तो दोर दोन मैलांत ढिला होतो. कारण मोटारीचे अंग स्प्रिंगांवर तरंगत असते. खड्डा आला की अंग खाली दबते, दोर सैल होतो; पुन्हा वर उसळते, दोराला हिसका बसतो. असे शेकडो हिसके बसले की गाठ सुटते, नाही तर दोर तुटतो. जाणता माणूस मोटारीला बांधतच नाही. तो तिच्या चाकांना बांधतो. प्रत्येक टायरवरून रुंद पट्टा घेऊन त्याची टोके ट्रेलरच्या तळाशी पुढे व मागे आवळावयाची. चाके ट्रेलरशी एकजीव होतात, आणि मोटारीचे अंग आपल्या स्प्रिंगांवर मोकळे डुलत राहते. ठेंगण्या मोटारीला तर हाच मार्ग उत्तम. कारण तिच्या पोटाखाली हात घालून आकडा अडकविण्याइतकी जागाच नसते, आणि आंधळेपणाने अडकविलेला आकडा गतिरोधाच्या नळीवर बसला, तर मोटार पोहोचेल, पण पुढे थांबणार नाही.

चारही चाकांना चार पट्टे, चाकांच्या पुढे व मागे लाकडी ठोकळे, गिअर पडलेला, हातगतिरोध ओढलेला, पट्टा जेथे धारेवरून जातो तेथे जाड कापडाची घडी. एवढे झाल्यावर माणसाने मोटारीला खांद्याने ढकलून पाहावे. ट्रेलर आणि मोटार एकत्र हलली, तर बांधणी बरी. मोटार एकटी हलली, तर पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. दिवस मावळत असतो, गिऱ्हाईक फोनवर विचारीत असते, आणि अशा वेळी पुन्हा आरंभ करण्यास मन होत नाही, हीच यातील खरी अवघड पायरी.

जनावरांची बांधणी मात्र वेगळ्या जातीची आहे. पोते आवळता येते, मोटार आवळता येते, बैल आवळता येत नाही. १९७८ च्या जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांनुसार एका मालमोटारीत सहापेक्षा अधिक गुरे नेऊ नयेत, आणि ती घाबरू नयेत किंवा जखमी होऊ नयेत यासाठी शक्यतो त्यांची तोंडे इंजिनाकडे असावीत. बैल स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो. त्याला फक्त पाय रोवण्यास घसरणार नाही अशी जमीन आणि मान हलविण्यापुरता दोर हवा असतो. ट्रकच्या तळावर वाळू किंवा पाचट पसरलेले असते ते याचसाठी. रात्रभर उभा राहून तो थकतो. परंतु घरचा माणूस शेजारी बसलेला असला, तर फारसा बावरत नाही. म्हणून कित्येकदा बैलांजवळच गोधडी टाकून कोणीतरी प्रवास करतो.

शिरूर कासारकडून निघून सोलापूरच्या दिशेने जाणारा ट्रक बीड ओलांडतो आणि मांजरसुंब्याच्या घाटाला लागतो. घाट चढण्यापूर्वी जाणता चालक वाहन कडेला घेतो. निघाल्यापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत एकदा थांबलेच पाहिजे, हा या धंद्यातील जुना दंडक. तेवढ्या अंतरात पोती बसतात, गाठोडी दबतात, दोर लांबतात, आणि बांधणी किती खरी होती ते कळते. येथे तर त्याहून अधिक अंतर झालेले असते. म्हणजे मध्ये एकदा दोर पाहून झालेले असतात, आणि आता दुसऱ्यांदा पाहावयाचे असतात.

आबा खाली उतरतात. लहान मुले गाठोड्यांत झोपलेली असतात. एक शेळी ओरडत असते. बॅटरीच्या उजेडात आबा पहिला दोर छेडतात. तो घुमतो. दुसरा घुमतो. तिसरा, पेटीवरचा, नुसताच हलतो. पेटीच्या कोरेवर घातलेले पोते अर्धे फाटलेले असते. त्याखालचा दोर मात्र शाबूत असतो. आता तो तरुण काही बोलत नाही. तो खाली उतरतो, पोत्याची नवी घडी घालतो, पाय टायरवर रोवतो आणि दोर ओढतो. आबा मोकळे टोक आकड्याभोवती घेऊन गाठ मारतात. चौथा दोर पाहून झाल्यावर ते चालकाला हाताने खूण करतात, आणि ट्रक घाट चढू लागतो.